कर्नलमध्ये स्वतःचा सिस्टिम कॉल घालताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

"सर, एरर बी येईना अन् उत्तर बी येईना. कामून असं व्हायलंय?"

लातूरला रविवारी माझ्याकडं कर्नल शिकायला पोरं येतात. त्यातली निम्मी हाच प्रश्न घेऊन येतात. पोरगं उदगीरचं असो नाहीतर परभणीचं, लॅपटॉप उघडला की दिसतं तेच: चार-पाच वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी व्हिडिओतून उचललेल्या ओळी नव्या कर्नलच्या सोर्समध्ये चिकटवलेल्या. सिस्टिम कॉल म्हणजे प्रोग्रॅमनं कर्नलला, सिस्टिमच्या गाभ्याला, काम सांगायची ठरलेली हाक. असा कॉल घालणं तसं अवघड नाही, सगळा मिळून साठ-सत्तर ओळींचा मामला आहे. चुकतं ते दोन ठिकाणी. एक, दुसऱ्या आवृत्तीची रीत आपल्या आवृत्तीला लावली जाते. दोन, तपासणी मधेमधे न करता सगळं झाल्यावर एकदाच केली जाते.

खालचं सगळं लिनक्स ६.१२ आणि एक्स८६-६४ धरून लिहिलंय. फायलींची नावं आणि आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्यात. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची. कॉपी-पेस्ट करता येणार नाही, आणि ते बरंच आहे.

उदाहरणाला आपण "मोजणी" नावाचा कॉल करू. स्पेलिंग एम, ओ, जे, एन, आय. त्याला एक यूजर आयडी द्यायचा. मशीनवर एकूण प्रोसेस किती आणि त्यातल्या त्या यूजरच्या किती, हे तो सांगेल. "हॅलो वर्ल्ड" छापणारा कॉल मुद्दाम घेतला नाही. त्यात यूजरच्या मेमरीशी संबंधच येत नाही, आणि खऱ्या चुका तर तिथंच होतात.

## १. तयारी: जागा, सामान, सोर्स

सोर्स लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनवर, ईएक्सटी४ वर ठेवा. विंडोजच्या ड्राइव्हवर, पेनड्राइव्हवर किंवा व्हर्च्युअल मशीनच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवू नका. कर्नलमध्ये अशा काही फायली आहेत की ज्यांच्या नावात फरक फक्त लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा असतो. विंडोजच्या बाजूला त्या एकमेकींवर बसतात आणि बिल्ड भलत्याच जागी मोडतं.

फोल्डरच्या नावात स्पेस नको, कोलनही नको. डेस्कटॉपवरच्या "न्यू फोल्डर"मध्ये सोर्स सोडणारे दर बॅचला दोघं-तिघं असतातच. मेकफाइल तिथंच नकार देते, पण तो मेसेज वाचतो कोण?

लागणारं सामान: बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह, सीपीआयओ आणि केमू, म्हणजे क्यू-ई-एम-यू, मशीनच्या आत खोटं मशीन चालवणारा प्रोग्रॅम. डिस्कवर दहा जीबी तरी मोकळे हवेत.

सोर्स कर्नल डॉट ऑर्गवरून ६.१२ मालिकेतली टारबॉल म्हणून उतरवा. दीडशे एमबीच्या आसपास जाते. गिटचा पूर्ण इतिहास ओढायला गेलात तर काही जीबी खर्ची पडतात आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा पॅक तिथंच संपतो. मात्र टारबॉल सोडल्याबरोबर त्या फोल्डरमध्ये "गिट इनिट", "गिट ॲड" आणि पहिला कमिट करून टाका. पुढं काय बिघडवलं हे "गिट डिफ" एका सेकंदात दाखवतं. हे न करता पुढं जाणाऱ्याला मी मदत करत नाही, कारण मलाही ते शोधता येत नाही.

तपासणी: "मेक कर्नलव्हर्जन" चालवा. ६.१२ ने सुरू होणारा आकडा आला तर तुम्ही योग्य फोल्डरमध्ये आहात.

## २. काहीही न बदलता एकदा बिल्ड आणि बूट

ही पायरी सगळे गाळतात. आपला कोड घालायच्या आधी मूळ कर्नल तुमच्या मशीनवर बिल्ड होतो आणि बूट होतो, हे डोळ्यांनी बघा. नाहीतर नंतर एरर आली की ती तुमची की सामानाची, हे कळायला मार्ग नाही.

कॉन्फिगसाठी उबंटूची "बूट" फोल्डरमधली फाइल उचलू नका. त्यात हजारो ड्रायव्हर मॉड्यूल असतात, डीबगची माहिती वीस-पंचवीस जीबी खाऊ शकते, आणि वर "कॅनॉनिकल-सर्ट्स डॉट पेम बनवायचा नियम नाही" अशी एरर येते ती वेगळीच. आपल्याला केमूपुरता कर्नल हवाय. क्रम असा:

"मेक एक्स८६_६४_डेफकॉन्फिग", मग "मेक केव्हीएम_गेस्ट डॉट कॉन्फिग". त्यानंतर स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या "कॉन्फिग" स्क्रिप्टनं दोन पर्याय चालू करा: डीबग_ॲटॉमिक_स्लीप आणि प्रूव्ह_लॉकिंग. त्याच स्क्रिप्टनं लोकलव्हर्जनला "-लातूर" असं काहीतरी आपलं नाव द्या. शेवटी "मेक ओल्डडेफकॉन्फिग". हा शेवटचा राहिला तर बिल्डच्या मधोमध एकेक प्रश्न विचारला जातो, आणि तुम्ही चहाला गेलेले असता.

आता "मेक -जे४ बीझेडइमेज". रॅम चार जीबी असेल तर जे२. जास्त घातलं तर शेवटी व्हीएमलिनक्स, म्हणजे पूर्ण कर्नलची फाइल, जोडताना मेमरी संपते आणि "किल्ड" एवढाच शब्द उरतो. चार कोअरच्या साध्या लॅपटॉपला पाऊण तास तरी धरा. मे महिन्यात परभणीच्या उन्हात जास्तच. प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग कमी करतो. लॅपटॉप गादीवर ठेवून बिल्ड लावू नका.

इशारा: बॅटरी मेलेला लॅपटॉप आणि बिल्ड चालू असताना गेलेली लाईट, हे आपल्याकडचं खास दुखणं. मेक पुन्हा चालवलं की जिथं थांबलं तिथून पुढं जातं, पण बंद पडायच्या क्षणी लिहिली जात असलेली एखादी ऑब्जेक्ट फाइल शून्य बाइटची राहू शकते. मेकला वाटतं, फाइल आहे, म्हणजे काम झालं. मग लिंकर "फाइल ओळखता येत नाही" म्हणून रडतो. पोरं अशा वेळी सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करतात. गरज नाही. "फाइंड" आज्ञेनं डॉट-ओ नावाच्या, आकार शून्य असलेल्या फायली शोधून तेवढ्याच काढा आणि मेक पुन्हा लावा.

तपासणी: केमूला "-कर्नल" म्हणून आर्च/एक्स८६/बूट/बीझेडइमेज द्या, "-नोग्राफिक", "-नो-रीबूट", "-एम ५१२एम", "-सीपीयू मॅक्स", आणि "-अपेंड"मध्ये "कन्सोल=टीटीवायएस० पॅनिक=-१". अक्षरं भराभर वर जातील आणि शेवटी "रूट एफएस माउंट करता येत नाही" म्हणून पॅनिक येईल, म्हणजे कर्नल हात टेकून थांबेल. घाबरू नका, हेच हवं होतं. रूट दिलाच नाही तर मिळणार कुठून? पॅनिकपर्यंत पोहोचला याचा अर्थ कर्नल धडधाकट आहे. पहिल्या ओळीत "-लातूर" दिसतंय का तेवढं बघा. गिटमुळं मागं अधिकचं चिन्ह दिसलं तर ते राहू द्या. केमूतून मध्येच बाहेर पडायचं असेल तर कंट्रोल-ए, मग एक्स.

## ३. शेजाऱ्याचा माग काढा

कुठल्या फायली बदलायच्या याची यादी मी देईन, पण त्याआधी ती तुम्ही स्वतः काढा. ६.१२ च्या टेबलमध्ये, म्हणजे कॉलच्या क्रमांकांच्या यादीत, शेवटचा "कॉमन" कॉल "एमसील" आहे. त्याचं नाव सोर्समध्ये शोधा: "गिट ग्रेप एमसील". जिथं जिथं एमसील दिसतो, तिथं तिथं नव्या कॉलची नोंद करावी लागते. दुसऱ्या आवृत्तीवर काम करत असाल तर टेबलमधल्या त्या आवृत्तीच्या शेवटच्या "कॉमन" कॉलचं नाव घ्या आणि हेच करा.

निकाल लांबलचक येतो, कारण अल्फापासून एक्सटेन्सापर्यंत बऱ्याच आर्किटेक्चरचं टेबल वेगळं. आपल्याला एक्स८६ पुरतं बघायचं म्हटलं की उरतात मोजक्या जागा: एक्स८६ चं टेबल, इन्क्लूड/लिनक्स/सिस्कॉल्स डॉट एच, कर्नल/सिस_एनआय डॉट सी, आणि खुद्द फंक्शनची फाइल. टूल्स/पर्फ मधल्या प्रतींना हात लावू नका.

एआरएम६४ किंवा रिस्क-५ वर काम असेल तर जुने लेख यूएपीआय मधल्या जेनेरिक युनिएसटीडी डॉट एच वर थांबतात. ६.११ पासून त्यांचे क्रमांक स्क्रिप्ट्स/सिस्कॉल डॉट टीबीएल मधून येतात. शेजाऱ्याचा माग काढला असता तर हे आपोआप दिसलं असतं.

## ४. क्रमांक घेणे

फाइल: आर्च/एक्स८६/एंट्री/सिस्कॉल्स/सिस्कॉल_६४ डॉट टीबीएल. यात बहुतेक ओळींत चार रकाने: क्रमांक, एबीआय (कुठल्या तऱ्हेच्या प्रोग्रॅमसाठी ते), नाव, फंक्शन. एमसीलची ओळ ४६२ ची आहे. तिच्या लगेच खाली आपली:

४६३ कॉमन मोजणी सिस_मोजणी

एवढंच. पण या एका ओळीत तीन तऱ्हांनी माती होते.

पहिली: लोक फाइलच्या तळाशी जातात. तळाशी ५१२ ते ५४७ हे एक्स३२ साठी (६४ बिट प्रोसेसरवर ३२ बिटचे पत्ते वापरणाऱ्या तऱ्हेसाठी) राखलेले जुने क्रमांक आहेत. त्यांच्या खाली ४६३ लिहिलं आणि कॉन्फिगमध्ये एक्स३२ चालू असलं की बिल्ड "टेबल क्रमानं लावलेलं नाही किंवा क्रमांक दोनदा आलाय" म्हणून थांबतं. थांबलं तर नशीब. मग त्यावर उपाय म्हणून पोरं ५४८ टाकतात. ते चालतंही, पण नवे कॉल शेवटच्या "कॉमन" ओळीच्या खाली घालायचे असा संकेत आहे.

दुसरी: मधली मोकळी जागा बघून मोह होतो. ३८७ ते ४२३ रिकामे दिसतात, पण ते वापरू नका असं त्या फाइलमधल्या टिपणीतच लिहिलंय. पडीक रान दिसलं म्हणून नांगर घालायचा नसतो, आधी सातबारा बघायचा.

तिसरी, आणि सगळ्यात जास्त: शेवटच्या रकान्यात दोन अंडरस्कोर, एक्स६४, मग सिस_मोजणी असं लिहिणं. ४.१७ पासून ५.६ पर्यंत टेबलमध्ये तो उपसर्ग लिहावा लागायचा. ५.७ पासून तो बिल्ड स्वतः जोडतं. तुम्हीही जोडला तर दोनदा लागतो आणि लिंकरला असलं फंक्शन सापडत नाही. वरच्या ओळीत कसं लिहिलंय तसं लिहा, बस.

## ५. फंक्शन लिहिणे

नवी फाइल करा: कर्नल/मोजणी डॉट सी. वेगळा फोल्डर करून मुख्य मेकफाइलच्या "कोअर-वाय" ओळीत तो जोडायचा, असं जुन्या व्हिडिओत दाखवतात. नव्या आवृत्त्यांत ती यादी केबिल्ड नावाच्या फाइलमध्ये गेलीय, त्यामुळं ती ओळ शोधण्यात तास जातो. एका फाइलच्या कॉलला स्वतंत्र फोल्डर लागत नाही.

हेडर पाच: लिनक्स/सिस्कॉल्स, लिनक्स/शेड/सिग्नल, लिनक्स/क्रेड, लिनक्स/यूआयडीजीआयडी, लिनक्स/यूॲक्सेस.

उत्तर परत द्यायला एक छोटं स्ट्रक्चर: त्यात "एकूण" आणि "तुमच्या" हे दोन आकडे. दोन्हींचा प्रकार दोन अंडरस्कोर यू३२. इथं "इंट" किंवा "लाँग" नको. ३२ बिटचा प्रोग्रॅम आणि ६४ बिटचा कर्नल लाँगची लांबी वेगवेगळी मोजतात.

आता मॅक्रो: सिस्कॉल_डिफाइन३. तीन म्हणजे तीन आर्ग्युमेंट. जास्तीत जास्त सहा चालतात. कंसात पहिलं नुसतं "मोजणी", सिस_ न लावता. मग प्रत्येक आर्ग्युमेंटचा प्रकार आणि नाव, आणि त्या दोघांच्या मध्येसुद्धा स्वल्पविराम. म्हणजे: यूआयडी_टी स्वल्पविराम यूआयडी, मग स्ट्रक्चरचा पॉइंटर दोन-अंडरस्कोर-यूजर खुणेसह स्वल्पविराम आउट, मग अनसाइन्ड इंट स्वल्पविराम फ्लॅग्ज. सी मध्ये प्रकार आणि नावाच्या मध्ये स्वल्पविराम कधी नसतो, त्यामुळं हात आपोआप तो गाळतो. मग कंपायलर असा काही ओरडतो की मॅक्रोच्या पोटातल्या तीस ओळी स्क्रीनवर येतात आणि तुमची ओळ त्यात कुठंच दिसत नाही.

आतलं काम याच क्रमानं:

अ. फ्लॅग्ज शून्य नसेल तर मायनस ईआयएनव्हीएएल परत. आज काहीच फ्लॅग नाहीत, मग आर्ग्युमेंट कशाला? उद्या लागले तर दुसरा कॉल घालावा लागू नये म्हणून. आणि आज अनोळखी फ्लॅग मुकाट स्वीकारलात, तर उद्या त्याला अर्थ देता येत नाही. डॉक्युमेंटेशन/प्रोसेस मधल्या ॲडिंग-सिस्कॉल्स या फाइलमध्ये कर्नलवाले हेच सांगतात. ती एकदा वाचाच.

आ. मेक_केयूआयडी ला करंट_यूजर_एनएस आणि आलेला यूआयडी देऊन कर्नलच्या आतला आयडी बनवा. यूआयडी_व्हॅलिड म्हणत नसेल तर पुन्हा मायनस ईआयएनव्हीएएल.

इ. स्वतःच्या स्टॅकवर स्ट्रक्चर घ्या आणि मेमसेटनं शून्य करा.

ई. आरसीयू_रीड_लॉक (आरसीयू म्हणजे यादी वाचून होईपर्यंत ती हातातून निसटू न देणारी कर्नलची व्यवस्था). फॉर_ईच_प्रोसेस नं सगळ्या प्रोसेस फिरा, "एकूण" वाढवा, टास्क_यूआयडी आणि आपला आयडी यूआयडी_ईक्यू नं जुळला तर "तुमच्या" वाढवा. आरसीयू_रीड_अनलॉक.

उ. कॉपी_टू_यूजर. शून्याशिवाय काहीही आलं तर मायनस ईफॉल्ट. नाहीतर शून्य परत.

इथं चार गोष्टींपाशी जरा थांबा.

पॉइंटर थेट वापरणं. "आउट" हा पॉइंटर यूजरनं दिलाय. त्यात थेट बाण लावून लिहिलं तर बऱ्याच साध्या केमूवर ते चालूनही जातं, कारण केमूचा मुकाट दिलेला प्रोसेसर एसमॅप (कर्नलला यूजरच्या मेमरीत थेट हात घालू न देणारी सोय) दाखवत नाही. खऱ्या, गेल्या काही वर्षांतल्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर एसमॅप असतो आणि त्याच क्षणी ऊप्स, म्हणजे कर्नलची गंभीर एरर, येतं. "-सीपीयू मॅक्स" आधीच द्यायला सांगितलं ते यासाठी. शिवाय यूजरनं कर्नलच्याच मेमरीचा पत्ता दिला तर? कॉपी_टू_यूजर पत्ता तपासतो. तुमचा बाण तपासत नाही.

क्रम. कॉपी_टू_यूजर हे अनलॉकच्या नंतरच हवं. यूजरचं पान रॅममध्ये नसेल तर ते आणायला कर्नलला थांबावं लागतं, म्हणजे झोपावं लागतं, आणि आरसीयूच्या आत झोपायला बंदी आहे. गंमत अशी की चाचणीत पान बहुतेक वेळा हजर असतं, त्यामुळं उलटा क्रमही शंभर वेळा बरोबर चालतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या कॉलमध्ये ही चूक होती, आणि डीबगचे पर्याय चालू करेपर्यंत मला तिचा पत्ता नव्हता. पायरी २ मध्ये चालू केलेले दोन पर्याय "स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड काँटेक्स्ट" किंवा "सस्पिशस आरसीयू यूसेज" असं पहिल्याच फेरीत छापतात. मुद्दाम एकदा उलटं लिहून तो मेसेज बघून ठेवा. पुढं कुठं भेटला तर ओळखीचा वाटेल.

मेमसेट. दोन ३२ बिटच्या आकड्यांमध्ये फट नसते. पण उद्या एक ३२ बिटचा आणि त्यामागं एक ६४ बिटचा घातला की मध्ये चार बाइटची फट पडते. त्या फटीत कर्नलच्या स्टॅकवरचं आधीचं काहीबाही असतं, आणि कॉपी_टू_यूजर ते इमानदारीनं यूजरला देऊन टाकतं.

उणे चिन्ह. "रिटर्न ईआयएनव्हीएएल" लिहिलं आणि मायनस विसरलं, तर यूजरला २२ हा आकडा यश म्हणून मिळतो. सुरुवातीच्या त्या "एरर बी येईना अन् उत्तर बी येईना" मागं किती वेळा हा एक मायनस निघाला, त्याला हिशोब नाही.

## ६. बाकीच्या नोंदी आणि छोटं कंपाइल

सिस्कॉल्स डॉट एच मध्ये एमसीलच्या ओळीखाली आपलं प्रोटोटाइप लिहा: ॲस्मलिंकेज लाँग सिस_मोजणी आणि कंसात तीन आर्ग्युमेंट, इथं मात्र नेहमीच्या सी सारखं. स्ट्रक्चरची नुसती घोषणा वरच्या बाजूच्या यादीत टाका. सिस_एनआय मधली कॉंड_सिस्कॉलची ओळ तेव्हाच लागते, जेव्हा कॉन्फिगमधून कॉल बंद करता यावा असं तुम्हाला वाटतं. आत्ता सोडा.

कर्नल/मेकफाइल मध्ये "ओबीजे-वाय अधिक-बरोबर मोजणी डॉट ओ". डॉट सी नव्हे, आणि ओबीजे-एम तर नव्हेच; सिस्टिम कॉल मॉड्यूलमध्ये राहत नाही. "मॉड्यूल टाकून टेबलमधला पत्ता बदलता येतो ना?" हा प्रश्न येणारच. केॲलसिम्स_लुकअप_नेम ५.७ पासून मॉड्यूलला मिळत नाही, आणि ६.९ पासून एक्स८६ वर कर्नल कॉल शोधायला ते टेबल न वापरता स्विच वापरतो. पत्ता बदललात तरी तिकडं कुणी बघत नाही.

तपासणी: पूर्ण बिल्ड अजून लावू नका. आधी "मेक कर्नल/मोजणी डॉट ओ". अर्ध्या-एक मिनिटाचं काम. ते झालं की "एनएम" त्या फाइलवर चालवून त्यात एक्स६४_सिस_मोजणी हे नाव दिसतंय का बघा. नाव "सिस_सिस_मोजणी" असं दुहेरी दिसलं तर मॅक्रोमध्ये सिस_ राहिलंय. नाव नसेल तर पाऊण तासाच्या बिल्डनंतर लिंकर "अनडिफाइन्ड रेफरन्स" म्हणेल. ते आत्ताच कळलेलं बरं.

## ७. पूर्ण बिल्ड

"मेक -जे४ बीझेडइमेज". सिस्कॉल्स डॉट एच बदललेलं असल्यानं बऱ्याच फायली पुन्हा कंपाइल होतात, पण पहिल्याइतका वेळ लागत नाही. झाल्यावर दोन ठिकाणी नजर टाका: आर्च/एक्स८६/इन्क्लूड/जनरेटेड च्या आत एएसएम फोल्डरातल्या सिस्कॉल्स_६४ डॉट एच मध्ये ४६३ ची ओळ, आणि सिस्टिम डॉट मॅप मध्ये आपलं फंक्शन. दोन्ही असतील तर कर्नलच्या बाजूचं काम झालं.

## ८. चाचणीचा प्रोग्रॅम

जीलिबसीला, म्हणजे सी च्या लायब्ररीला, आपला कॉल माहीत नाही, म्हणून "सिस्कॉल" हे फंक्शन वापरून क्रमांकानं हाक मारायची. ४६३ हा आकडा प्रोग्रॅममध्ये वर एकदाच डिफाइन करा. यूएसआर/इन्क्लूड मधली हेडर फाइल बदलू नका. ती तुमच्या मशीनच्या चालू सिस्टिमची आहे.

प्रोग्रॅमनं पाच हाका माराव्यात आणि दर वेळी परत आलेला आकडा आणि एररनो (एररचा क्रमांक) दोन्ही छापावेत:

एक, सगळं बरोबर: शून्य यावा. दोन, पॉइंटर नल: उणे एक आणि एररनो १४, म्हणजे ईफॉल्ट. तीन, पॉइंटरच्या जागी कर्नलमधला एखादा पत्ता, एफ एफ नं सुरू होणारा: पुन्हा १४. चार, फ्लॅग्ज १: एररनो २२. पाच, क्रमांकच चुकीचा, ९९९: एररनो ३८, म्हणजे एनोसिस, असा कॉलच नाही.

पाचवी हाक मुद्दाम आहे. ३८ कसा दिसतो हे माहीत असलं, की पहिल्या हाकेला ३८ आला तर लगेच कळतं: जुना कर्नल बूट झालाय.

आता हा प्रोग्रॅम "-स्टॅटिक" लावून कंपाइल करा आणि त्याचं नाव "इनिट" ठेवा. बूट झाल्यावर कर्नल पहिला प्रोग्रॅम म्हणून हाच शोधतो, म्हणून नेमकं तेच नाव, आणि तो फोल्डरच्या मुळाशी हवा. स्टॅटिक नसेल तर तो लायब्ररी शोधतो, आणि केमूच्या त्या रिकाम्या जगात लायब्ररी कुठून येणार? मग त्या फोल्डरात उभं राहून "एको इनिट" चा निकाल "सीपीआयओ -ओ -एच न्यूसी" ला द्या, पुढं जीझिप, आणि फाइल बाहेर ठेवा. "-एच न्यूसी" विसरलं तर कर्नलला ती गाठोडी उघडता येत नाही आणि पुन्हा रूट एफएसचं पॅनिक येतं. या वेळी मात्र ते पॅनिक तुमच्या चुकीचं.

इशारा: प्रोग्रॅमच्या शेवटी "रीबूट" फंक्शनला आरबी_पॉवर_ऑफ देऊन मशीन बंद करा. साधं "रिटर्न शून्य" केलंत तर इनिट संपतो, आणि इनिट संपला की कर्नल "अटेम्प्टेड टू किल इनिट" म्हणून पॅनिक करतो. नांदेडच्या एका पोरानं या मेसेजपायी आपला चांगला चाललेला कॉल तीन वेळा पुन्हा लिहिला होता. उत्तर पॅनिकच्या वर छापलेलं होतं, त्यानं स्क्रीन वर सरकवून बघितली नव्हती.

## ९. चालवणे आणि उत्तर वाचणे

केमूची मघाचीच आज्ञा, फक्त "-इनिटआरडी" जोडून. पाच हाकांची पाच उत्तरं दिसतील.

पहिल्या उत्तरात "एकूण" एक येईल अशी अपेक्षा असते, कारण आपण एकच प्रोग्रॅम सोडलाय. येतात कितीतरी जास्त. फॉर_ईच_प्रोसेस कर्नलचे स्वतःचे थ्रेडही मोजतो, आणि ते सगळे यूआयडी शून्यचे, म्हणजे रूटचे. तुम्ही यूआयडी शून्य दिला असेल तर "एकूण" आणि "तुमच्या" सारखेच दिसतील. १००० देऊन बघा: "तुमच्या" शून्य व्हायला हवेत. दोन्ही वेळा आकडे सारखेच आले तर तुलना चुकलीय.

उत्तरांच्या मध्ये कर्नलचा "कॉल ट्रेस" दिसला तर उत्तर बरोबर असूनही काम पुरं झालेलं नाही. ट्रेसची पहिली ओळ वाचा, आणि पायरी ५ मधला क्रम पुन्हा तपासा.

इशारा: चाचणी केमूच्या आत चालतेय ना? दोन टर्मिनल उघडी असली की हटकून चुकीच्या खिडकीत प्रोग्रॅम चालवला जातो. तुमच्या मशीनचा स्वतःचा कर्नल ६.१२ किंवा त्याआधीचा असेल तर ३८ येईल आणि चूक कळेल. तो ६.१३ किंवा पुढचा असेल तर तिथं ४६३ हा सेटएक्सॲटर-ॲट चा क्रमांक आहे, आणि एरर येईल ती त्या भलत्याच कॉलची.

## १०. खऱ्या मशीनवर टाकायचं असेल तर

घरातला एकुलता लॅपटॉप असेल तर टाकू नका. व्हर्च्युअल मशीन घ्या आणि आधी स्नॅपशॉट काढा. तिथं डेफकॉन्फिग पुरणार नाही. चालू कॉन्फिगवरून "मेक लोकलमॉडकॉन्फिग" केलं की फक्त वापरातले मॉड्यूल राहतात. उबंटूच्या कॉन्फिगमध्ये सिस्टिम_ट्रस्टेड_कीज आणि सिस्टिम_रिव्होकेशन_कीज रिकाम्या करा. "मॉड्यूल्स_इन्स्टॉल" आधी, "इन्स्टॉल" नंतर; पहिल्याला इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ द्या, नाहीतर इनिटआरडी फुगून बूट पार्टिशन भरतं. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला कर्नल उठणारच नाही. जुना कर्नल काढू नका, आणि ग्रबचा मेन्यू दिसेल एवढा टाइमआउट ठेवा.

## ११. आवृत्ती बदलताना

६.१३ मध्ये ४६३ ते ४६६ हे चार क्रमांक एक्सॲटरच्या नव्या कॉलना गेले. तुमचा पॅच तिथं नेलात तर गिट टेबलच्या फाइलवर कॉन्फ्लिक्ट दाखवेल. तो सोडवताना दोन्ही ओळी ठेवल्या तर एकच क्रमांक दोनदा येतो आणि बिल्ड थांबतं, हे पायरी ४ मध्ये आलंच. आपली ओळ त्या वेळच्या शेवटच्या "कॉमन" ओळीच्या खाली हलवा, पुढचा आकडा द्या, आणि चाचणीच्या प्रोग्रॅममधला डिफाइन बदलून इनिट नव्यानं स्टॅटिक कंपाइल करा, सीपीआयओची गाठोडीही नव्यानं बांधा. गाठोडी जुनीच राहिली तर नव्या कर्नलवर ४६३ ला हाक जाते, आणि उत्तर देतो दुसराच कॉल.